गुहेतला थेंब आणि आपल्या पार्किंगमधला थेंब

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. अडखळणं आणि मधेच वाजलेली कुकरची शिट्टी गाळली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका दुरुस्तीने सुरू करतो, कारण मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं.

झालं असं, की एका श्रोत्याने त्यांच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा फोटो पाठवला होता. छताच्या भेगेतून खाली लटकणाऱ्या पांढऱ्या, बारीक, पेनाच्या रिफिलसारख्या नळ्या. आणि प्रश्न, "हे नववीच्या भूगोलातले लवणस्तंभ आहेत का?" मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिलं, "हो, तेच. पाणी झिरपतं, पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. गुहेतही असंच होतं." दुसऱ्याच दिवशी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका श्रोत्या ताईंचा मेसेज आला. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला होता, "गुहेतली हवा इतकी दमट असते की ओला टॉवेल वाळत नाही. मग वाफ कुठून होणार?"

मी गप्प. कारण गेल्या जानेवारीत मी बस्तरमधल्या कोटमसर गुहेत जाऊन आलो होतो आणि तिथे माझा चष्मा सतत धुकट होत होता. म्हणजे पुरावा माझ्या नाकावर होता, तरी मी वाफेची गोष्ट सांगून मोकळा झालो. तर आज ते नीट समजून घेऊ. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण हा विषय डोक्यात नीट बसला, की गुहा, घरचा गीझर, पार्किंगची गळती आणि सहाशे वर्षांपूर्वीचा दुष्काळ या सगळ्यांच्या मागे एकच रासायनिक क्रिया दिसायला लागते.

आधी एक ग्लास

शाळेत आपण सगळ्यांनी केलेला प्रयोग आठवा. चुन्याची निवळी. पानाच्या टपरीवर मिळतो तो चुना पाण्यात ढवळायचा, तासभर तसाच ठेवायचा, आणि वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. त्यात नळीने फुंकलं की ते दुधाळ होतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगतात, म्हणून दुधाळ रंग. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजेच चुनखडक. अक्षरशः तुमच्या श्वासातून ग्लासात दगड झाला.

शाळेत प्रयोग बहुतेक इथेच थांबायचा. बाई म्हणायच्या, "झालं, लिहा निष्कर्ष." पण खरी मजा याच्या पुढे आहे. त्या दुधाळ पाण्यात आणखी कार्बन डायऑक्साइड घातला तर पाणी पुन्हा नितळ होतं! मी घरी करून पाहिलं. चार चमचे निवळी, अर्धा ग्लास फिल्टरचं पाणी, नळीने फुंकून दुधाळ केलं, आणि मग त्यात साधा सोडा ओतला, दुकानातला, गोड नसलेला. दुधाळपणा गेला. दगड विरघळला. आता हेच नितळ पाणी गॅसवर उकळलं, की पुन्हा गढूळ. दगड परत आला. (करून बघणार असाल तर दोन सूचना. फुंकायचंय, ओढायचं नाही. आणि चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.)

आज मी जे काही सांगणार आहे, ते सगळं या ग्लासात आहे. पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असला तर चुनखडक विरघळतो. तो वायू पाण्यातून निघून गेला तर चुनखडक परत जमतो. एकच क्रिया, दोन्ही दिशांनी चालणारी. कुठल्या दिशेने चालायचं ते पाणी ठरवत नाही, तो वायू ठरवतो. माझी चूक नेमकी इथेच होती. मी पाण्याकडे बघत बसलो.

आणि गीझर? बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तो म्हणजे ग्लासातला शेवटचा टप्पा. पाणी तापलं, वायू उडाला, दगड कॉइलवर बसला.

पाण्याला भूक लागते ती मातीत

आता ग्लासातून डोंगरात जाऊ. कोटमसर गुहा छत्तीसगडमध्ये, बस्तर जिल्ह्यातल्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात आहे. जगदलपूरपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. वर सालाची आणि मिश्र झाडांची दाट जंगलं, खाली चुनखडक, शेजारून कांगेर नदी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शंकर तिवारी या अभ्यासकांनी या गुहेचा शोध घेऊन ती बाहेरच्या जगाला माहीत करून दिली. पावसाळ्यात आत पाणी भरतं, त्यामुळे गुहा बंद असते. हिवाळ्यात तुम्ही अरुंद तोंडातून, जवळजवळ अंग चोरून, लोखंडी जिन्याने खाली उतरता.

जंगलाचा उल्लेख मी मुद्दाम केला. पावसाचा थेंब हवेतून पडताना थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के आहे. तेवढ्यावर पाणी लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम चुनखडक विरघळवू शकतं. म्हणजे भूक आहे, पण बेताची. मग हा थेंब मातीत शिरतो. मातीत मुळं श्वास घेतात, जिवाणू आणि बुरशी पालापाचोळा खातात, आणि हे सगळे कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. पावसाळ्यात मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत तो १ ते ३ टक्के, कधी त्याहूनही जास्त असतो. वरच्या हवेच्या पंचवीस ते पंच्याहत्तर पट! या हवेतून झिरपलेलं पाणी लिटरमागे दीडशे-दोनशे मिलिग्रॅम चुनखडक सहज खातं.

म्हणजे गुहा कोरण्याची ताकद मुख्यतः आभाळातून येत नाही, ती मातीतून येते. वरचं जंगल जितकं जिवंत, तितकं खालचं पाणी भुकेलं.

मग भोक खोलवर कसं जातं?

इथे मला एक प्रश्न पडला होता आणि उत्तर मिळेपर्यंत झोप नव्हती. चुनखडक काही भोकं असलेला स्पंज नव्हे. त्यात पाणी जातं ते भेगांमधून आणि थरांच्या सांध्यांमधून. सुरुवातीला या भेगा मिलिमीटरहूनही बारीक असतात. पाणी इतकं भुकेलं असेल, तर पहिल्या काही मीटरमध्येच त्याचं पोट भरायला हवं. वरचा दगड विरघळेल, खालचा शाबूत राहील. मग शेकडो मीटर लांबीचे बोगदे कसे होतात?

उत्तर असं, की पाणी भरल्या पोटी एकदम थांबत नाही, हळू होतं. पंगतीत पहिल्या पाच पुऱ्या भराभर जातात. सहावीला वेळ लागतो. सातवी ताटात घेऊन माणूस बसून राहतो. चुनखडक विरघळवण्याचा वेग सुरुवातीला जोरात असतो, पण पाणी तृप्त व्हायच्या जवळ आलं की तो एकदम कोसळतो. त्यामुळे शेवटची थोडीशी भूक शिल्लक ठेवून पाणी खूप लांबवर जातं आणि भेगेच्या संपूर्ण लांबीवर थोडं थोडं कोरत राहतं. हा टप्पा हजारो वर्षं चालतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

भेगांमध्ये स्पर्धाही असते. जी भेग थोडी जास्त रुंद, तिच्यातून जास्त पाणी. जास्त पाणी म्हणजे ताजं, भुकेलं पाणी आणखी आतपर्यंत. म्हणून ती आणखी रुंद. भेग सेंटिमीटरभर झाली की पाणी झिरपायचं सोडून वाहायलाच लागतं, आणि मग वाढीचा वेग कितीतरी पटींनी चढतो. एक भेग जिंकते, शेजारच्या शंभर तशाच राहतात. म्हणूनच चुनखडकाचा अख्खा डोंगर सगळीकडे सारखा विरघळत नाही, त्यात मोजकी भुयारं होतात.

भुयाराच्या आकारावरून त्याचा इतिहास वाचता येतो, ही गोष्ट मला फार आवडली. भुयार पाण्याने पूर्ण भरलेलं असताना वाढलं, तर पाणी चारी बाजूंनी कोरतं आणि छेद गोल होतो, मोठ्या पाइपसारखा. पुढे शेजारची नदी आपली दरी खोल करत जाते, भूजलाची पातळी खाली उतरते, आणि भुयाराच्या तळाशी फक्त ओहोळ उरतो. तो नुसती जमीन कापतो. मग गोल पाइपच्या खाली उभी अरुंद चीर तयार होते. दोन्ही मिळून छेद जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखा दिसतो. कुठल्याही चुनखडकाच्या गुहेत असा आकार दिसला तर समजा, वरचा अर्धा भाग बुडालेल्या काळातला आणि खालचा अर्धा पाणी उतरल्यानंतरचा.

छत फार पातळ झालं की ते कोसळतं आणि वर जमिनीवर खड्डा दिसतो. आपल्या पुस्तकात त्याला विलयविवर म्हटलंय. ओढे अशा विवरात गायब होतात आणि मैलभर पुढे झरा होऊन निघतात. स्लोव्हेनियातलं क्रास नावाचं पठार अशा प्रदेशासाठी इतकं प्रसिद्ध, की त्याच्यावरूनच जगभर या भूरूपाला 'कार्स्ट' म्हणतात.

आणि विरघळलेला दगड जातो कुठे? कोटमसरच्या शेजारची कांगेर नदी कोलाबला मिळते, कोलाब पुढे शबरी होते, शबरी गोदावरीला मिळते. म्हणजे गुहेच्या जागी पूर्वी जो दगड होता, तो थेंबाथेंबाने गोदावरीतून समुद्रात गेलाय.

आता उलटी दिशा

पाणी उतरलं, गुहेत हवा शिरली. आता थेंबाची दुसरी बाजू सुरू होते.

मातीतून खाली येणारा थेंब अजूनही तसाच आहे, कार्बन डायऑक्साइडने आणि विरघळलेल्या चुनखडकाने भरलेला. तो छताच्या भेगेतून गुहेत डोकावतो. गुहेतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड मातीच्या मानाने बराच कमी, कारण गुहा तोंडातून, फटींतून श्वास घेत असते. सोड्याची बाटली उघडल्यावर काय होतं? वायू बाहेर. तेच इथे होतं, फक्त फसफस न करता. वायू निघून गेला की पाण्याला तेवढा चुनखडक पोटात ठेवता येत नाही, आणि तो थेंबाच्या कडेला बसतो. पाण्याची वाफ व्हायची गरजच नाही. हवा शंभर टक्के दमट असली तरी चालतं. (गुहेच्या तोंडाशी, जिथे वारा लागतो, तिथे वाफेचाही हातभार असतो. पण तिथला थर बहुधा ठिसूळ, भुसभुशीत असतो. आतल्या स्तंभासारखा घट्ट नसतो.)

थेंब लटकलेला असताना त्याच्या कडेभोवती खनिजाचं एक बारीक कडं जमतं. थेंब पडतो, पुढचा येतो, पहिल्या कड्याखाली दुसरं कडं. अशा कड्यांवर कडी जमून पोकळ नळी होते. तिची जाडी जवळजवळ थेंबाएवढीच, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर. गुहेत टॉर्च वर मारलात की या नळ्या शेकड्याने दिसतात. नळी कधीतरी आतून तुंबते, मग पाणी बाहेरून ओघळतं आणि ती वरून जाड, खाली निमुळती होत जाते. हा आपला अधोमुखी लवणस्तंभ.

खाली पडलेल्या थेंबात अजून माल शिल्लक असतो. आपटल्यावर तो पसरतो, उरलेला वायू सोडतो आणि जागच्या जागी पातळ थर टाकतो. हा ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. म्हणून तो आतून भरीव असतो, त्याला मधे भोक नसतं, आणि डोकं टोकदार नसून गोलसर किंवा सपाट असतं. पाणी उतरत्या छतावरून ओघळलं तर पडद्यासारख्या घड्या पडतात. भिंतीवरून पसरलं तर गोठलेल्या धबधब्यासारखा थर होतो. वरचा आणि खालचा स्तंभ भेटले की खांब. शुद्ध असेल तर पांढरा, पाण्याबरोबर लोह किंवा मातीतली सेंद्रिय द्रव्यं आली तर पिवळा, तांबूस, तपकिरी.

'लवण' या शब्दाने गोंधळू नका. यात मीठ नाही. रसायनशास्त्रात आम्लापासून होणाऱ्या कुठल्याही क्षाराला लवण म्हणतात, त्यातलं हे. चाटून खारट लागणार नाही. आणि चाटायचंही नाही, का ते पुढे सांगतो.

हिशोब मांडून बघू

सवयीप्रमाणे मी हिशोब केला. लिटरमागे २०० मिलिग्रॅम घेऊन आलेलं पाणी गुहेत ५० वर आलं, तर लिटरमागे १५० मिलिग्रॅम दगड जमेल. थेंब समजा लिटरचा वीस हजारावा भाग. म्हणजे एका थेंबामागे ०.००७५ मिलिग्रॅम. एक ग्रॅम दगडाला सव्वा लाखाहून जास्त थेंब लागले! दर दहा सेकंदांना एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६४० थेंब, म्हणजे एका ग्रॅमला पंधरवडा. आणि हा सगळ्यात उदार हिशोब झाला. प्रत्यक्षात थेंब सगळा माल जमा करण्याआधीच वाहून जातो, उन्हाळ्यात टपकणं मंदावतं, कधी वर्षानुवर्षं थांबतं.

म्हणून स्तंभांची उंची बहुतेक ठिकाणी वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास वाढते, कुठे थोडी जास्त, कुठे त्याहून खूप कमी. हा ०.१ चा आकडा घेतला, तर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, १६७४ पासून, आजपर्यंत स्तंभ वाढला साडेतीन सेंटिमीटर. तुमच्या अंगठ्याच्या दोन पेरांहूनही कमी. कंबरेएवढा स्तंभ म्हणजे दहा हजार वर्षं.

दुर्गादेवीचा दुष्काळ आणि एक दगड

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, छान आहे, पण आपल्याला काय त्याचं? तर हे ऐका.

कोटमसरच्याच परिसरात, त्याच राष्ट्रीय उद्यानात, दंडक नावाची दुसरी गुहा आहे. तिथला एक ऊर्ध्वमुखी स्तंभ शास्त्रज्ञांनी उभा कापून तपासला आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्तंभ खालून वर वाढतो, म्हणजे तळाला जुने थर, वर नवे. झाडाच्या वर्तुळांसारखं. प्रत्येक थर म्हणजे त्या काळी डोंगरावर पडलेल्या पावसाचा नमुना.

थराचं वय कसं काढतात? युरेनियम पाण्यात थोडंसं विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नवा थर बसतो तेव्हा त्यात चिमूटभर युरेनियम असतं, थोरियम नसतं. पुढे युरेनियम ठरलेल्या वेगाने थोरियममध्ये बदलत जातं. आज किती थोरियम झालंय ते मोजलं की थराची जन्मतारीख मिळते. या घड्याळाने सुमारे पाच लाख वर्षं मागे जाता येतं.

आणि पाऊस? पाण्यातल्या ऑक्सिजनचे हलका आणि जड असे प्रकार असतात. आपल्याकडे मान्सून जोरदार असेल तर पावसात जड ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं, मान्सून दुबळा असेल तर वाढतं. तो ऑक्सिजन थेंबातून थरात जातो आणि तिथेच बंदिस्त होतो. थर खरवडायचा, प्रमाण मोजायचं, पावसाचा अंदाज मिळतो.

दंडकच्या स्तंभात इसवी सन ६०० ते १५०० अशी नऊशे वर्षं लिहिलेली आहेत. त्यात चौदाव्या आणि पंधराव्या शतकात मान्सून दशकानुदशकं दुबळा पडल्याच्या खुणा आहेत. आता आपल्या बखरी आणि लोकस्मृती आठवा. १३९६ च्या सुमारास सुरू झालेला, बारा वर्षं चालला असं सांगितलं जातं तो दुर्गादेवीचा दुष्काळ. गावंच्या गावं ओस पडली म्हणतात तो. लहानपणी आजीच्या तोंडून नाव ऐकलं होतं. मला वाटायचं, बारा वर्षं म्हणजे गोष्टीतला आकडा असेल, वनवासासारखा. नेमकी किती वर्षं, ते दगडही सांगत नाही. पण त्या काळात पाऊस खरोखर रुसला होता, याची साक्ष बस्तरच्या अंधारात उभी होती. कुठल्याही दरबारी लेखनिकाने न लिहिलेली.

असाच आणखी एक दगड अख्ख्या जगाने मान्य केलाय. मेघालयात सोहराजवळ मावम्लू नावाची गुहा आहे. तिथल्या एका स्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मान्सून दुबळा झाल्याची खूण आहे. तो नेमका कसा आणि किती टप्प्यांत दुबळा झाला, यावर अजून वाद आहेत. पण २०१८ मध्ये भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या स्तंभातल्या खुणेपासून पृथ्वीच्या इतिहासाचा चालू कालखंड मोजायचं ठरवलं, आणि त्याला नाव दिलं 'मेघालयन'. म्हणजे तुम्ही-मी आज ज्या भूशास्त्रीय काळात जगतोय, त्याची सुरुवात भारतातल्या एका गुहेतल्या थेंबांनी आखलेली आहे.

मी हात लावला

आता कबुली. त्या जानेवारीत कोटमसरमध्ये आमच्या पुढे एक कुटुंब होतं. गाइड प्रत्येक वळणावर सांगत होता, "भैया, हाथ मत लगाइए." एका वळणावर तो पुढे गेला. माझ्या हाताशी एक ओला, चमकणारा पडदा होता. मी बोट फिरवलं. गार, गुळगुळीत, फार छान वाटलं. शेजारी पाहिलं तर हात पोचेल त्या उंचीपर्यंतचा सगळा भाग काळपट आणि निस्तेज होता. त्याच्या वरचा मात्र लख्ख. माझ्यासारखी हजारो बोटं.

बोटाने नेमकं काय होतं? आपल्या त्वचेवर तेल असतं. त्या तेलाचा थर खनिजावर बसला की पाणी तिथे नीट पसरत नाही, नवा थर धरत नाही, आणि मळ मात्र चिकटतो. मोडलेला स्तंभ तर आपल्या, आपल्या नातवंडांच्या, कुणाच्याच हयातीत भरून येत नाही. आणि जिथे बोट फिरवलं तिथे पावसाची नोंद थांबली. कुठल्या तरी दुर्गादेवीच्या दुष्काळाचं पान असेल, मी त्यावर तेलकट बोट फिरवून आलो.

बोटच कशाला, श्वासही पुरतो. पुन्हा तो ग्लास आठवा. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेच्या शंभर पट. वारा न खेळणाऱ्या दालनात दिवसभर माणसांची रांग उभी राहिली, तर तिथली हवा मातीतल्या हवेसारखी होते. थेंब वायू सोडेनासा होतो, वाढ थांबते. फार झालं तर दिशाच उलटते आणि भिंतींवर जमलेला ओलावा दगड खायला लागतो. फ्रान्समधल्या लास्को गुहेत, चुनखडकाच्या भिंतींवर हजारो वर्षं टिकलेली चित्रं आहेत. ती गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. माणसांच्या श्वासाने, उष्णतेने आणि दिव्यांच्या उजेडात वाढलेल्या शेवाळाने भिंती बिघडायला लागल्या होत्या. पंधरा वर्षं पुरली.

मी "जाऊ नका" म्हणत नाहीये. जाच. पाहिल्याशिवाय कुणाला जपावंसं वाटणार? पण हात खिशात ठेवा, आणि गाइड "चला पुढे" म्हणाला की खरंच पुढे चला.

पुन्हा पार्किंगमध्ये

आपल्या सह्याद्रीत अशा गुहा का नाहीत, हे आता तुम्हीच सांगाल. आपला काळा बेसाल्ट या भुकेल्या पाण्याला असा दाद देत नाही. तो कुजतो, त्याची माती होते, पण चुनखडकासारखा विरघळून पोकळ होत नाही. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे इथली लेणी माणसांनी छिन्नीने कोरली. चुनखडक महाराष्ट्रात आहे तो विदर्भात, चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात. तो सिमेंटच्या भट्टीत जातो.

आणि इथे माझी दुसरी दुरुस्ती. भट्टीत चुनखडक भाजला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्याचं सिमेंट होतं, सिमेंटचं काँक्रीट, काँक्रीटचा आपल्या पार्किंगचा स्लॅब. त्या स्लॅबमधून पाणी झिरपलं की ते काँक्रीटमधला चुना घेऊन येतो, टपरीवरचा चुना असतो तोच. हा थेंब भेगेतून डोकावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा चुनखडक होतो. लक्षात आलं? गुहेत वायू थेंबातून बाहेर जातो म्हणून दगड जमतो. पार्किंगमध्ये वायू थेंबात आत येतो म्हणून. ग्लासातला पहिला टप्पा, निवळीत फुंकण्याचा. नळी दिसते सारखीच, पोकळ, तेवढीच जाड. पण घडण्याची वाट वेगळी, आणि वेग कितीतरी पटींनी जास्त. म्हणून दहा वर्षांच्या इमारतीतही त्या दिसतात.

तेव्हा फोटो पाठवणाऱ्या दादांना सुधारित उत्तर. हे नववीच्या पुस्तकातले लवणस्तंभ नाहीत, त्यांचे चुलतभाऊ आहेत. यांना हात लावलात तर इतिहास बुडणार नाही, पण ते पाणी तिखट अल्कधर्मी असतं, त्वचेला आणि गाडीच्या रंगाला वाईट, तेव्हा गाडी बाजूला घ्या. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. स्लॅबमधून चुना बाहेर येतोय म्हणजे पाणी आत सळईपर्यंत पोचत असणार, आणि सळई गंजली की मग खर्च मोठा.

गुहांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जिथे अशा गुहा, तिथे चुनखडक. जिथे चुनखडक, तिथे कधी ना कधी सिमेंटवाल्याची नजर. आपण सगळे स्लॅबखाली राहतो, मीही, त्यामुळे बोट दाखवायला मी मोकळा नाही. पण डोंगर फोडला तर त्यातला स्तंभ कापून, मोजून, वाचून मग फोडला असं कुणी करत नाही. न वाचलेलं पुस्तकच भट्टीत जातं.

तर मंडळी, ताईंचे मनापासून आभार. चुका अशाच कळवत राहा. आणि पानवाल्याकडून थोडा चुना आणा, घरातल्या लहान मुलांना ग्लास दाखवा. शाळेत राहिलेला अर्धा प्रयोग पूर्ण करा. भेटू पुढच्या भागात.